मास्तर, कोणते वाचायचे?

शिरवळ हे आमचे गाव पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले असते. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि चहाची तल्लफ येईतो शिरवळ येते. गावात इतिहासाचे नाव काढले की कोणीही सुभानमंगळ गढीचे चार दगड दाखवतो आणि १६४८ साली शिवाजीराजांच्या मावळ्यांनी विजापूरच्या फौजेशी दिलेल्या झुंजीची गोष्ट सांगू लागतो. मीही एका कादंबरीत ती गोष्ट वापरून घेतली आहे. या दिवाळीला मात्र वाचकांपुढे मांडतो आहे तो इतिहास गढीत सापडलेला नाही. तो शेजारच्या घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेतून निघाला.

शेजारच्या मावशी ख्रिस्ती आहेत. उभी हयात परिचारिकेच्या नोकरीत गेली. आता वय ऐंशीच्या पुढे आणि डोळे जवळजवळ गेलेले. रोज संध्याकाळी शास्त्र वाचायचा त्यांचा नेम. तो मोडला म्हणून त्या खचल्या होत्या. एक दिवस मी सहज म्हणालो, "मावशी, मी वाचून दाखवू का?" त्यांनी ट्रंक उघडायला लावली. आत तीन बायबले. एक बायबल सोसायटीचे, काळ्या पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले. दुसरे जाडजूड, सुरुवातीची पाने उडालेले, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले. तिसरे नवे कोरे, पुण्याच्या मुलाने आणून दिलेले 'सुबोध बायबल'.

मी नव्याला हात घातला. मावशी म्हणाल्या, "थांबा मास्तर. कोणतं वाचायचं ते आधी ठरू दे. आणि आणखी एक ठरवायचंय. नात लग्न होऊन जाईल आता. तिला यातलं एकच द्यायचं म्हणते. कोणतं देऊ, ते तुम्ही सांगा. तुम्ही पुस्तकं लिहिता."

पुस्तके लिहितो हे खरे, पण माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. हिब्रू आणि ग्रीक ही नावे मी फक्त नकाशाच्या तासाला उच्चारली आहेत. घरात हरिपाठ. असल्या माणसाने बायबलाची पारख काय करायची? पण मावशींना नाही म्हणता येईना. खंबाटकीचा घाट उतरून वाईला दोन-चार खेपा घातल्या, ग्रंथालयात बसलो, पुण्याच्या एका मित्राला पत्रे टाकून भंडावले. त्यातून हाती आले ते असे.

मराठीत बायबलाची कथा पहिल्यांदा अवतरली ती ओवीत, आणि तीही एका इंग्रज माणसाच्या हातून. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. त्याच्या मायदेशी राजा जेम्सचे प्रसिद्ध इंग्रजी बायबल निघून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. स्टीफन्सने मात्र भाषांतराच्या वाटेला न जाता पुराण रचले. त्यात पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे नव्याचे, आणि दोन्ही मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानांना जे वळण होते त्याच वळणाने त्याने नवी कथा ओतली. स्वर्गाला तो बेलाशक वैकुंठ म्हणतो! देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ही अस्सल मराठी रोमन लिपीत छापावी लागली. तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. त्या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोणाच्या पाहण्यात नाही. हाताने उतरलेल्या पोथ्यांवर हा ग्रंथ तगला.

त्यानंतर दोनशे वर्षांनी दुसरा इंग्रज, विल्यम कॅरी, बंगालात श्रीरामपूरला बसून मराठीत नवा करार आणतो. साल १८११. मदतीला वैजनाथ नावाचे पंडित होते. मराठी मुलखापासून शेकडो कोसांवर, हुगळीच्या काठी ही मराठी घडली, याचे मला मोठे नवल वाटते. मुंबईत १८१३ साली अमेरिकन मिशनरी उतरले तेव्हा ही मराठी इकडच्या माणसांच्या गळी उतरेना. त्यांनी नव्याने कामाला हात घातला. त्यांच्यातला गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीने वारला, आणि त्यांचा नवा करार पुरा छापून निघाला तो त्याच साली. मुंबईकडच्या मराठीत सगळे बायबल यायला १८४७ साल उजाडले. पुढे बाबा पदमनजींसारख्या जातिवंत मराठी माणसांनी त्यात हात घातला आणि बायबल सोसायटीची प्रत वेळोवेळी सुधारत गेली. मावशींच्या ट्रंकेतले काळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक या घराण्यातले.

या पुस्तकाने मराठीला काही शब्द असे देऊन ठेवले आहेत की ते आता ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी मुळापासूनचे वाटतात. शुभवर्तमान, करार, तारण, बाप्तिस्मा. करार हा कचेरीतला शब्द. तारण म्हटले की आमच्या शिरवळात सोसायटीकडे ठेवलेले दागिने आठवतात. मावशींना हे मी थट्टेने म्हणालो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तेच की. गहाण पडलेलं सोडवून आणायचं." मी पुढे काही बोललो नाही. भाषांतरकाराला सुचले नसेल ते ऐकणाऱ्याला सुचते.

'पाद्री मराठी' म्हणून जिची टिंगल होते ती भाषा हीच. ती टिंगल अगदीच खोटी नाही. वाक्ये अडखळतात, क्रियापदे भलत्या जागी बसतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटची दोन वर्षे आमच्या जिल्ह्यात, साताऱ्यास राहिले होते. या कवीने गद्याचा नाद सोडला आणि 'ख्रिस्तायन' ओवीतच लिहायला घेतले. म्हणजे तीनशे वर्षांनी गाडी पुन्हा स्टीफन्सच्या स्टेशनावर! १९१९ साली टिळक गेले तेव्हा अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलेली असतात, ही चौसष्ट अध्यायांची मजुरी फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

आता साडीच्या तुकड्यात बांधलेल्या पुस्तकाकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला.

ते पंडिता रमाबाईंचे बायबल. रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने मुलीला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'सरस्वती' म्हटले. १८८२ साली तिने 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, ते शाळामास्तरालाही धाप लागेल अशा संस्कृतप्रचुर मराठीत. पुढच्याच वर्षी इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म घेतला. मग शारदा सदन, मग दुष्काळ. १८९६-९७ च्या आणि त्यामागून १९०० च्या दुष्काळात तिने शेकडो अनाथ मुली पोटाशी धरून दौंडच्या अलीकडे केडगावला आणल्या. त्या मुलींना बायबल वाचायला दिले तर त्यांना ते कळेना. बाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते. मी त्याच वयाचा आहे आणि मला मोबाइलवरचे नवे काही शिकायचे म्हटले तरी आठवडा लागतो.

शेवटची पंधराहून अधिक वर्षे बाई या एकाच कामामागे होत्या. जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होते तिने जाणूनबुजून संस्कृत बाजूला ठेवले. पंडिताला आवडेल तो शब्द टाकायचा आणि जात्यावरच्या बाईला कळेल तो घ्यायचा. इथे मला महानुभावांच्या नागदेवाचार्यांची आठवण होते. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथ करण्याची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी नको म्हटले, तशाने माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील म्हणून. दोघांच्या मधे सहाशे वर्षे आहेत, म्हाताऱ्या त्याच.

छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवायला त्याच दुष्काळातल्या मुली. १९२१ साली बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी डोळे मिटले असे सांगतात. सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एकट्या बाईने मूळ भाषांतून सगळे बायबल आणल्याचे याआधीचे मला सापडलेले उदाहरण एकच, अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचे, १८७६ सालचे.

दोष नाहीत असे नाही. मूळ शब्दामागे शब्द ठेवून चालण्याचा बाईंचा कटाक्ष, त्यामुळे सोप्या शब्दांचीही वाक्ये मधेच परक्या चालीने चालू लागतात. दोनदा वाचावे लागते. ज्या साधेपणासाठी एवढा खटाटोप केला त्याच्या आड त्यांची सचोटीच आली, असे माझे मत झाले आहे.

हे सगळे मी मावशींना सांगत होतो तेव्हा त्या गालातल्या गालात हसत होत्या. मग म्हणाल्या, "माझी आजी त्या खिळे जुळवणाऱ्या पोरींतली. दुष्काळात आईबाप गेले, कोणीतरी गाडीत घालून केडगावला आणली. तिला अक्षर आधी उलटं वाचता यायला लागलं आणि मग सुलटं." पुस्तक ट्रंकेत कसे आले ते तेव्हा कळले. पंधरा दिवस मी इतिहास धुंडाळत वाईच्या खेपा घालत होतो आणि तो शेजारी ओसरीवर बसला होता.

राहिले तिसरे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ च्या जुलैत ते गेले. 'सुबोध बायबल' पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने २०१० साली काढले. आजची मराठी लिहिणाऱ्या माणसाने आजच्या वाचकासाठी केलेले हे काम. शाळेतल्या पोराच्या हाती दिले तर ते अडत नाही, हे मी करून पाहिले आहे. मावशींची शंका वेगळी होती. "फादर कॅथलिक ना? आपण नाही." त्यांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. कॅथलिकांच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तके धरतात, प्रॉटेस्टंटांच्या सहासष्ट, आणि या सातांवरून युरोपात पुष्कळ शाई सांडली आहे. पण गंमत अशी, की कॅथलिकांच्या उपासनेत लॅटिनच्या जागी लोकांची भाषा आली ती १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर, आणि मावशींच्या आजीने खिळे जुळवले ते त्याच्या चाळीसएक वर्षे आधी. एवढ्या उशिरा निघालेल्या गाडीतून हे सर्वांत सोपे पुस्तक आले.

नात दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा मी तिला एकच उतारा तिन्हींतून वाचून दाखवला. तिचे शिक्षण इंग्रजीतले, मराठी बोलण्यापुरती. सोसायटीच्या पुस्तकाला तिने मान हलवली. रमाबाईंच्या दुसऱ्या वाक्याला तिने विचारले, "म्हणजे काय, सर?" दिब्रिटोंचे ऐकताना मात्र तिने खुर्ची पुढे ओढली. मी मावशींना सांगितले, हेच द्या. माझ्या मनाला ते थोडे लागले, कारण माझे मन दुसऱ्या पुस्तकावर बसले होते. मावशी म्हणाल्या, "द्या. तिला कळायला पाहिजे. फादर का असेनात."

मग त्यांनी तोच उतारा डोळे मिटून म्हणून दाखवला, त्यांच्या आजीने शिकवला होता तसा. तिन्ही पुस्तके माझ्या मांडीवर उघडी होती. मी बोट ठेवून शोधत होतो. तो यांतल्या एकाशीही जुळेना. काही शब्द सोसायटीचे, काही रमाबाईंचे, आणि एक-दोन तर साफ माणदेशी. नातीने मोबाइल काढून तो टिपून घेतला.

नवे पुस्तक पुण्याला गेले. आम्ही रोज संध्याकाळी साडीच्या तुकड्यातले सोडतो. सुरुवातीची पाने उडालेली आहेत, तेवढी सोसायटीच्या पुस्तकातून घेतली. सध्या योसेफाची गोष्ट चालू आहे. परवा मिसर देशात दुष्काळाची सात वर्षे लागली आणि लोक धान्यासाठी येऊ लागले, तिथे मावशींनी हाताने खूण केली. "आज एवढंच, मास्तर. उद्या पुढे."