खाणीतली ठिणगी

कोळशाच्या खाणीतील वाहतूक कशी बदलत गेली हे पाहताना यंत्राच्या ताकदीपेक्षा ठिणगीची भीती अधिक निर्णायक ठरलेली दिसते. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामास बंदी झाली. कोळशाचे डबे ओढण्याचे काम मग अधिकाधिक तट्टांवर आले. १९१३ च्या सुमारास तिथल्या खाणींत जवळपास ७०,००० घोडे-तट्टे राबत होती.

वाफेचे इंजिन पोटात आग घेऊनच फिरते. वायूच्या खाणीत त्याला थारा नव्हता. १८८२ मध्ये सीमेन्स आणि हाल्स्के कंपनीचे 'डोरोथिया' हे विजेचे इंजिन सॅक्सनीतील झाउकरोडे खाणीत उतरले आणि १९२७ पर्यंत चालले. त्याला वीज मिळे ती डोक्यावरच्या वाहकांतून. अशा घासत्या जोडणीत ठिणगी उडणारच. आणि हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असले, की एक ठिणगी पुरते.

बॅटरीच्या इंजिनाने ही उघडी तार काढून टाकली. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते याने शिसे-आम्लाची बॅटरी बनवली होती. ती फार जड, म्हणून रस्त्यावरच्या गाडीला अडचणीची. रुळांवर मात्र तेच वजन कामी आले: इंजिन जड असेल तर चाकांची पकड घट्ट बसते, मागची डब्यांची रांग ओढली जाते. मोटार आणि नियंत्रक जाड पोलादी पेटीत बंद केले. आत स्फोट झालाच, तरी सांध्यांच्या अरुंद फटीतून बाहेर पडेपर्यंत ज्वाळा थंड व्हावी, अशी त्या पेटीची रचना.

पण धोका संपला नाही, त्याने जागा बदलली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि तो हवेत ४ टक्क्यांवरच स्फोटक होतो. म्हणून बॅटरीची पेटी हवेशीर ठेवावी लागते. चार्जिंगच्या खोलीतली हवा कामगारांकडे न वळवता थेट बाहेर जाणाऱ्या प्रवाहात सोडावी लागते. सगळ्या खाणीभर पसरलेली भीती अशी एका खोलीत आली, आणि तिच्यावर नजर ठेवणे माणसाला शक्य झाले. या यंत्राची खरी कमाई मला हीच वाटते. मात्र त्या खोलीतला वारा बंद पडला, तर ती कमाईही गेली.

ब्रिटनच्या सरकारी खाणींतली शेवटची तट्टे १९९४ मध्ये नॉर्थम्बरलंडमधील एलिंग्टन येथून वर आली. डोरोथियानंतर ११२ वर्षांनी.