प्राचीन ख्रिस्ती उपासनेंत नवागताचा अधिकार

ख्रिस्ती देवळांत प्रथमच जाणाऱ्या परक्या मनुष्यास तेथें काय पाहावयास मिळतें, हा प्रश्न आज कोणास महत्त्वाचा वाटणार नाहीं. पुण्यांतील किंवा वसईंतील देवळांत रविवारीं जाऊन मागच्या बाकावर बसावें. गायन, शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, दान आणि ज्या दिवशीं असेल त्या दिवशीं भाकर व द्राक्षारस यांचा विधि, हें सर्व आरंभापासून अखेरपर्यंत पाहतां येतें. भाकर घेण्यास मात्र सामान्यतः बाप्तिस्मा लागतो. परंतु हाच मनुष्य सोळाशें वर्षांपूर्वीं अंत्युखियांत गेला असता, तर प्रवचन संपतांच डीकन नांवाच्या सेवकानें मोठ्यानें पुकारा करून त्यास बाहेर जावयास सांगितलें असतें, आणि त्याच्यामागें दार लागलें असतें.

हा निर्बंध केव्हां उत्पन्न झाला याविषयीं दोन समज आमच्या ऐकण्यांत वारंवार येतात. एक असा कीं, मूळची ख्रिस्ती उपासना कीर्तनासारखी आल्यागेल्यास मोकळी होती. दुसरा असा कीं, ती शाक्तांच्या चक्रपूजेसारखी गुप्त होती, आणि राजाच्या छळाचें भय हें त्या गुप्ततेचें कारण होय. साधनें कालानुक्रमानें लावून पाहतां दोन्ही समज टिकत नाहींत. घोंटाळा होतो तो तीन वेगळे अधिकार एकत्र केल्यामुळें: भोजनाचा अधिकार, दर्शनाचा अधिकार आणि ज्ञानाचा अधिकार. हे तीन दरवाजे नवागतास एकाच काळीं बंद झाले नाहींत.

सर्वांत जुनी साक्ष पौलाची. इ. स. ५४ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत तो विचारतो कीं, सगळेच एकदम अगम्य भाषांत बोलूं लागले आणि तेवढ्यांत एखादा परका आंत आला, तर तो तुम्हांस वेडे नाहीं का म्हणणार? तेव्हां परका आंत येई, हें गृहीतच आहे. इतकेंच नव्हे, तर त्यास समजेल असें बोला, हा उपासनेचा नियमच त्याच्याकरितां घालून दिला आहे. हें पत्र ज्या पपायरस पोथींत आहे, ती इ. स. २०० च्या सुमाराची असून तिचीं ८६ पानें डब्लिन व मिशिगन येथें वांटून राहिलीं आहेत. याकोबाच्या नांवें असलेल्या पत्रांत तर बैठकीचीच तक्रार आहे: सोन्याची अंगठी घातलेला आला कीं त्यास चांगली जागा, आणि मळक्या वस्त्रांतला आला कीं त्यास उभें राहा म्हणावें. हें त्या काळींहि होतें. आमच्या सभांतून आजहि आहे.

भोजनाचा दरवाजा मात्र आरंभापासूनच बंद दिसतो. इ. स. १०० च्या आसपासचा मानला जाणारा ‘डिडाखी’ हा ग्रंथ १८७३ पर्यंत केवळ नांवानें ठाऊक होता. त्या वर्षीं ब्रिएन्निओस या ग्रीक धर्माधिकाऱ्यास तो कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडला, आणि १८८३ मध्यें त्यानें तो छापला. पोथी १०५६ सालीं लिऑन नांवाच्या लेखनिकानें उतरलेली आहे. बाप्तिस्मा न झालेल्यानें या भोजनांतील कांहीं खाऊं-पिऊं नये, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. पण त्यानें पाहूं नये, असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट, येणाऱ्याचा आदर करा अशीच आज्ञा आहे. तिला जोडलेली व्यावहारिक पुरवणी मोठी गमतीची आहे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन, तिसऱ्या दिवशींहि हलला नाहीं किंवा पैसे मागूं लागला, तर तो खोटा समजावा. कोणी कायम राहूं इच्छील, तर त्यानें हाताला येणारा धंदा करून खावें. ज्या गांवांत साधुबैराग्यांचे मुक्काम पडतात, तेथील गृहस्थांस याचें मर्म सांगावयास नको.

गुप्ततेचें कारण छळ, या समजास मुख्य बाध येतो तो जस्टिनच्या लेखानें. हा शोमरोन प्रांतांतील नेआपोलिस, म्हणजे आजचें नाब्लुस, येथला ग्रीक विद्येंत वाढलेला मनुष्य. इ. स. १५५ च्या सुमारास बादशहा अँटोनायनस पायस यास उद्देशून त्यानें धर्माचें समर्थन लिहिलें. त्या काळीं ख्रिस्ती लोक नरमांस खातात अशा कंड्या पिकत, आणि पुढें इ. स. १६५ च्या सुमारास जस्टिनला स्वतःला रोममध्यें देहान्त शासन झालें. म्हणजे लपविण्याचें कारण कोणास असेल, तर त्यास होतें. असें असतां तो काय करितो? रविवारचा सगळा विधि उघड सांगून टाकतो. नगरांतले व खेड्यांतले लोक एके ठिकाणीं जमतात. वेळ असेल तोंवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात. मग अध्यक्ष उपदेश करितो. सर्व उठून प्रार्थना करितात. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो. अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणें उपकारस्तुति करितो, लोक आमेन म्हणतात. मग वांटणी होते, आणि न आलेल्यांचा वांटा डीकन घरीं पोंचवितात. ऐपतदार स्वेच्छेनें देतात तें अध्यक्षापाशीं राहतें व त्यांतून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि गांवांत उतरलेले परदेशी यांची सोय होते. ‘शक्तीप्रमाणें’ या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. प्रार्थनेचा पाठ अद्याप कायम झालेला नव्हता. जस्टिनचा हा लेख पॅरिस येथील चौदाव्या शतकांतील एका पोथीवर जवळजवळ सर्वस्वीं अवलंबून आहे. ती जळली असती, तर आपला वाद अंधारांतच राहिला असता.

दर्शनाचा दरवाजा इ. स. २०० च्या सुमारास बंद होऊं लागलेला दिसतो. कार्थेजचा तर्तुलियन पाखंड्यांची निंदा करितांना म्हणतो कीं, यांच्यांत शिकाऊ कोण आणि दीक्षित कोण याचा पत्ता लागत नाहीं. सर्व बरोबरच येतात, बरोबरच ऐकतात, बरोबरच प्रार्थना करितात. त्याच्या स्वतःच्या मंडळींत तसें होत नव्हतें, हें यावरून उघड आहे.

याच संक्रमणाचीं दोन साधनें इटलींत व्हेरोना येथील एका पोथींत एकत्र सांपडतात. ही चर्मपोथी पांचव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. आठव्या शतकांत कोणी तींतील अक्षरें खरवडून वर सेव्हिलच्या इसिदोराचा ग्रंथ लिहिला. खालचा मजकूर हाउलर यानें वाचून १९०० मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत ‘डिडास्कालिया’ या तिसऱ्या शतकांतील ग्रंथाचे भाग आहेत. तेथें बिशपला सांगितलें आहे कीं, प्रवचन चालू असतां कोणी बडा मनुष्य आला तर बोलणें थांबवूं नको, इतर त्यास जागा देतील. पण गरीब किंवा म्हातारा परका आला आणि जागा नसेल, तर स्वतः जमिनीवर बसावें लागलें तरी त्यास बसव. याकोबाची तक्रार येथें नियमाच्या रूपानें फेडली आहे.

दुसरा मजकूर ‘प्रेषितांची परंपरा’ या नांवानें ओळखला जातो. तो रोमच्या हिप्पोलितुसाचा, हें मत आतां सर्वमान्य राहिलेलें नाहीं. त्याप्रमाणें नवागतास आणणाऱ्यानें त्याच्याविषयीं ग्वाही द्यावी, त्याचा धंदा विचारावा आणि त्यानें तीन वर्षें केवळ ऐकावें. प्रार्थनेस वेगळें उभें राहावें. नट, ग्लॅडिएटर, मूर्तिकार यांनीं धंदा सोडावा. मुलांस शिकविणाऱ्या पंतोजीनेंहि सोडलेला बरा, कारण शाळेंत पुराणदेवतांच्या कथा शिकवाव्या लागत. पण त्यास दुसरें कांहीं येत नसेल तर चालूं द्यावें! सगळी हयात शाळेंत घालविल्यावर हें वाचतांना आम्हांस आमच्या धंद्याविषयीं निराळें मत देतां येत नाहीं.

याच काळांत जागा मात्र साधी होती. फरात नदीच्या कांठीं दुरा-युरोपोस येथें १९३१-३२ मध्यें उघडकीस आलेलें उपासनागृह म्हणजे राहतें घर होय. दोन खोल्यांमधील भिंत पाडून साठ-सत्तर माणसें मावतील एवढा दिवाणखाना केलेला, आणि दुसऱ्या खोलींत बाप्तिस्म्याचें कुंड. इ. स. २५६ च्या सुमाराच्या वेढ्यांत तट मजबूत करण्यासाठीं तें मातीनें बुजविलें गेलें, म्हणूनच वांचलें.

आतां तिसरा दरवाजा, ज्ञानाचा. तो बंद झाला चौथ्या शतकांत. म्हणजे ३१३ मध्यें छळ थांबल्यानंतर! राजाश्रय मिळतांच देवळें भव्य झालीं आणि श्रोत्यांची गर्दी लोटली. त्यांतील पुष्कळ जण बाप्तिस्मा वर्षानुवर्षें लांबणीवर टाकीत. खुद्द कॉन्स्टंटाइन बादशहानें तो मृत्युशय्येवर ३३७ मध्यें घेतला. नियम काटेकोर पाळला असता तर देवळें बांधणाऱ्यालाच अर्ध्या उपासनेंतून उठावें लागलें असतें. ऑगस्टिन मिलानमध्यें अँब्रोजचीं प्रवचनें ऐके तो प्रथम वक्तृत्वाच्या परीक्षेकरितां. त्याचा बाप्तिस्मा ३८७ चा. अशा गर्दींत दीक्षेची किंमत राखण्यासाठींच गुप्तता वाढली, असें आमचें मत आहे.

इ. स. ३५० च्या सुमारास यरुशलेमच्या सिरिलनें दिलेल्या व्याख्यानांच्या पोथ्यांत वाचकांस उद्देशून एक टीप आढळते: हीं व्याख्यानें बाप्तिस्म्यास आलेल्यांस आणि बाप्तिस्मा झालेल्यांस खुशाल द्यावीं, इतरांस मुळींच देऊं नयेत, आणि नक्कल करणारानें ही सूचना आरंभीं लिहावी. आमच्या पोथ्यांच्या अखेरीस मूर्खाच्या हातीं देऊं नको म्हणून पुस्तकच विनवितें, त्याची येथें आठवण होते. जस्टिननें जें बादशहास लिहून कळविलें, तें दोनशें वर्षांनंतर शेजारच्या बाकावरील श्रोत्यासहि सांगावयाचें नव्हतें.

त्याच यरुशलेमेंत ३८१ ते ३८४ च्या दरम्यान एगेरिया नांवाची यात्रेकरू बाई पश्चिमेकडून आली. तिच्या वृत्तान्ताची अकराव्या शतकांतील, आदिअंत नसलेली पोथी गामुर्रीनी यास १८८४ मध्यें अरेत्सो येथें मिळाली. बिशप ग्रीकमध्यें बोले. एक याजक तें सुरियानी भाषेंत सांगे. लॅटिन जाणणाऱ्यांस दुसरे कोणी समजावीत. बाप्तिस्म्यासाठीं नांव देणाऱ्याच्या शेजाऱ्यांस बिशप विचारी: हा आईबापांस मान देतो का, दारूबाज किंवा लबाड नाहीं ना? ज्या परदेशीयास ओळखणारा साक्षी नसे, त्याचें काम अवघड होई.

पुढें जन्मतांच बाप्तिस्मा देण्याची चाल सार्वत्रिक झाली, श्रोत्यांचा वर्गच उरला नाहीं, आणि पुकारा निरर्थक झाला. तरी ग्रीक परंपरेच्या उपासनेंत ‘दारें, दारें’ अशी हांक आजहि दिली जाते, जरी दारापाशीं कोणी उभें नसतें. एगेरियेच्या लॅटिनमध्यें उपासनेच्या शेवटच्या निरोपास ‘मिस्सा’ हा शब्द वारंवार येतो; श्रोत्यांस बाहेर पाठविण्यासहि हाच शब्द होता. त्याचाच अर्थ पसरत जाऊन तो संबंध विधीचें नांव झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत मीस व वसईंत मिस्सा या रूपानें आला.