कमलाबाईंचा अर्ज आणि खर्डीचा पत्ता

दुर्गाबाई भागवत आपल्या सगळ्यांना माहीत असतात, निदान नावाने तरी. आणीबाणी, १९७५चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन, 'ऋतुचक्र' वगैरे. पण त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव परवा ऑफिसात चहाच्या टेबलावर विचारलं तर सगळे गप्प.

कमला भागवत. लग्नानंतर कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या, त्याही अव्वल नंबराने. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे (म्हणजे आजची आयआयएससी) अगदी सुरुवातीचे विद्यार्थी. साहजिकच कमलाबाईंनीही संशोधनासाठी तिथेच अर्ज केला. नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन नुकतेच संचालक झाले होते. अर्ज नामंजूर. कारण काय, तर अर्जदार मुलगी आहे!

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या आणि सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच त्याला मान्यता, आणि तुमच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. आपल्या भाषेत प्रोबेशन, तेही पूर्ण एकतर्फी. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, १९३७ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! आणि हो, त्यांचं काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली.

ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच जिद्दीची. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अर्ज नामंजूर व्हायलासुद्धा आधी तो करावा लागतो. अशी एखादी संस्था आहे, तिथे आपल्यासारख्याला घेतात, कुणाला आणि काय लिहून पाठवायचं असतं, हे सगळं ठाऊक असावं लागतं. कमलाबाईंच्या घरात हे ठाऊक असलेली दोन माणसं होती. त्यांचं कर्तृत्व याने तसूभरही कमी होत नाही. पण ज्यांच्या घरात अशी माणसं नव्हती, त्यांचे अर्ज इतिहासात सापडत नाहीत. कारण ते झालेच नाहीत.

हे सुचायचं कारण म्हणजे माझं गाव. खर्डी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. कसाऱ्याच्या दोन स्टेशनं अलीकडे. गावातून १८६१ पासून रेल्वे जाते. जवळच्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

योगायोग असा की त्याच १८९२ साली जमशेटजी टाटांनी होतकरू भारतीयांना परदेशी शिकायला मदत म्हणून निधी सुरू केला. पहिल्या लाभार्थींमध्ये दोन डॉक्टर स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. तेव्हाची पद्धत ही अशी होती. दाता एक, अर्ज त्याच्याकडे. १९४४ मध्ये होमी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. म्हणजे आख्खी संस्था एका अर्जातून! पण असा अर्ज करायला भाभाच असावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दात्याच्या जागी परीक्षा आणली. एनसीईआरटीची विज्ञान प्रतिभा शोध परीक्षा १९६३ मध्ये फक्त दिल्लीत झाली, १९६४ पासून देशभर, आणि शिष्यवृत्त्या ३५०. निवड झालेल्याला मूलभूत विज्ञानात थेट पीएच.डी.पर्यंत पैसे मिळत. पुढे १९७६च्या बदलांत इंजिनिअरिंग आणि मेडिकलही आत आले आणि घटनेने मान्य केलेल्या भाषांत उत्तरं लिहायची सोय झाली. पुढे १९९९ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची केव्हीपीवाय आली, आणि तिची परीक्षा मात्र इंग्रजी नाहीतर हिंदीत. हा प्रश्न २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये ती योजनाच 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. म्हणजे भाषेच्या बाबतीत आपण एक पाऊल पुढे टाकून पुन्हा मागे आलो.

दरम्यान अमेरिकेत वेगळंच चाललं होतं. १९६९ मध्ये एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना थेट प्राध्यापकांच्या संशोधनात घ्यायची योजना सुरू केली. १९८७ पासून तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने उन्हाळ्याच्या सुट्टीत पगारी संशोधनाच्या जागा द्यायला सुरुवात केली. (ही योजना अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच, तेव्हा आपल्या मुलांनी तिथे वेळ घालवू नये.) कल्पना साधी आहे. पुस्तक संपवून मग संशोधन असं नाही, शिकता शिकताच प्रयोगशाळेत हात काळे करायचे, आणि त्याचे पैसेही मिळायचे. कारण सुट्टीत घरी हातभार लावावा लागणारा मुलगा फुकट काम करू शकत नाही.

आपल्याकडेही हे आलं. टीआयएफआर आणि पुण्याची आयुका सुट्टीत विद्यार्थी घेऊ लागल्या. बंगळूर, दिल्ली आणि अलाहाबाद इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. आणि २००४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या मुलांसाठी नियस सुरू केलं. हे केंद्र मानखुर्दला. खर्डीहून कसारा लोकलने कुर्ला, तिथे हार्बर पकडली की मानखुर्द. एकदाच गाडी बदलायची! हे केंद्र १९७४चं. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागात ग्रामीण शाळांमध्ये काम केलं होतं. पुस्तकातली भाषा मुलांच्या आड येते, हा मुद्दा व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच मांडला होता.

म्हणजे आता दाता नको आणि बऱ्याच ठिकाणी लेखी परीक्षाही नको. वेबसाइटवर फॉर्म, तो कुणीही भरावा. मग अडतं कुठे?

माझा मामेभाऊ एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. खर्डीहून रोज लोकलने कॉलेजला जातो. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ठाऊक नव्हतं. आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर फी आणि प्लेसमेंट सोडून तिसरं काही लागायचंच नाही. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं एक फॉर्म भरायला बसलो. मार्क, पत्ता वगैरे दहा मिनिटांत झालं. मग दोन रकाने आले आणि गाडी थांबली.

पहिला, 'तुम्हाला कशावर काम करायचंय?' त्याने इंग्रजीत 'मला विज्ञानाची खूप आवड आहे' या अर्थाचं काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, हे सगळेच लिहितात, तू काय केलंयस ते सांग. तर म्हणे काहीच नाही. पण बोलता बोलता निघालं की पाड्यावरच्या विहिरीचं पाणी कधी किती खाली जातं हे तो दोन वर्षं दोरी सोडून मोजतोय, वहीत तारखा आहेत. अरे बाबा, हाच तर डेटा! आपल्या खाली बेसॉल्टचा कातळ आहे, फटींत मुरेल तेवढंच पाणी साठतं, म्हणून धो धो पाऊस पडूनही मार्चमध्ये विहीर तळ गाठते. त्याच्या वहीत त्याच्या विहिरीपुरता हा उतार दिसतो. मराठीत त्याने हे झकास सांगितलं. इंग्रजी आम्ही दोघांनी मिळून केलं.

दुसरा रकाना शिफारसपत्राचा. तुम्हाला ओळखणारा शिक्षक हवा. आता तालुक्याच्या कॉलेजात बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाचे पैसे, आणि पुढच्या वर्षी असतीलच याची खात्री नाही. पहिल्या वर्षी ज्या सरांनी त्याला शिकवलं ते गेले होते. नवे सर त्याला तीन महिने ओळखत होते. माणूस भला. पण असं पत्र त्यांच्याकडे आजवर कुणी मागितलंच नव्हतं. त्यांनीच विचारलं, "यात नक्की काय लिहायचं असतं?" शेवटी त्यांनी ती वही मागवून घेतली, शांतपणे चाळली आणि त्यावरूनच पत्र लिहिलं.

कमलाबाईंच्या वेळी 'नाही' म्हणणारा माणूस समोर होता. त्याच्या दारात बसून कारण विचारता येत होतं. आता 'नाही' कुणीच म्हणत नाही. मुलगी, जात, गाव, फॉर्म काहीच नाकारत नाही. फक्त एका रकान्यापाशी मुलगा अडतो आणि विंडो बंद करतो. मग सत्याग्रह करायचा तरी कुणाच्या दारात?

सिस्टिम सुधारायला हवी हे खरंच. ओळख नसलेल्या कॉलेजांसाठी शिफारसपत्राला पर्याय हवा, आणि 'कशावर काम करायचंय' हे मराठीत लिहायची मुभा हवी. ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्यासारख्यांनी, पुण्या-मुंबईत एसीत बसून कीबोर्ड बडवणाऱ्यांनी, एक काम करता येईल. आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात श्रावण-भाद्रपदात एक चक्कर मारायची, कारण उन्हाळ्यातल्या कामाचे काही अर्ज आदल्या दिवाळीच्या आसपासच भरायचे असतात. योजनांची नावं, मुदती आणि शिफारसपत्राचा एक नमुना, असा एक कागद मुलांना नाही, शिक्षकांना द्यायचा. मुलं तीन वर्षांत जातात. शिक्षक तासिकेवर का असेनात, पुढच्या कॉलेजात तो कागद घेऊन जातील.

मामेभावाच्या अर्जाचा निकाल अजून यायचाय. पण त्याच्या वर्गातल्या दोन मुलींनी त्या सरांकडे आताच पत्र मागून ठेवलंय. यंदा दिवाळीला बहुतेक मला तीन फॉर्म भरायचेत.