हुबळीचे कुलकर्णी आणि ताऱ्यांचे वारे

आम्हां गोवेकरांना हुबळी-धारवाड काही परके नाही. वास्कोहून निघालेली गाडी दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा करीत धारवाडला पोचते आणि मग हुबळी. शिक्षणासाठी, औषधपाण्यासाठी आपली माणसे तिकडे जातच आली आहेत. धारवाड म्हटले की पेढे आणि गाणे आठवते. पण हुबळीत वाढलेल्या एका मुलाने पुढे मेलेल्या ताऱ्यांचा इतिहास वाचला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

त्यांचे नाव श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६ सालचा, कुरुंदवाडचा, म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या शेजारचा. वडील हुबळीत सर्जन, त्यामुळे शाळा तिथलीच. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ साली शिक्षण संपवून ते अमेरिकेत बर्कलेला गेले. विद्यार्थी असतानाच, १९८२ साली, डोनाल्ड बॅकर यांच्या चमूत राहून त्यांनी सेकंदाला सुमारे ६४२ गिरक्या घेणारा पल्सार शोधला. तेही रेडिओ दुर्बिणीने.

आता वाऱ्याकडे वळू. आपला सूर्यही वारा सोडतो, पण अगदी थोडा. सूर्याच्या वीस-तीस पट वजनाच्या ताऱ्यांचा प्रकाशच इतका प्रखर, की तो वरच्या थरातला वायू बाहेर ढकलतो. हा वारा सेकंदाला हजार ते तीन हजार किलोमीटर वेगाने सुटतो. वुल्फ-राये जातीचा तारा अशा रीतीने वर्षाला सुमारे तीन पृथ्व्यांइतके द्रव्य गमावतो! लाखो वर्षे हे चालले तर ताऱ्याचे वरचे आवरणच उडून जाते. त्याचा शेवट कसा होणार, हे या गळतीवर बरेचसे ठरते.

पण वारा तोलायचा कसा? तापलेल्या वायूतले सुटे इलेक्ट्रॉन विद्युतभारित अणूंजवळून जाताना वळतात आणि रेडिओ लहरी सोडतात. वारा दाट तेवढ्या लहरी जास्त. १९७५ साली राइट व बार्लो आणि पानाजिया व फेल्ली या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे याचे गणित मांडले. ताऱ्याचे अंतर, वाऱ्याचा वेग आणि रेडिओ लहरींची तीव्रता कळली की गळतीचा आकडा हाती येतो. वारा एकसारखा नसून गुठळ्यागुठळ्यांचा असतो, हे मागाहून कळले. गुठळ्या जास्त चमकतात, म्हणून जुने आकडे बरेच खाली आणावे लागले. हिशेब चुकतो तो असा!

२५ एप्रिल १९९८ रोजी बेप्पोसॅक्स उपग्रहाने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. त्याच दिशेला, सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत, एक तारा फुटलेला दिसला. दोन्ही घटना एकच की योगायोग? शंका घेणारे पुष्कळ होते. कुलकर्णी तेव्हा कॅल्टेकमध्ये होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे मांडून दाखवले की हा तारा काही दिवसांतच रेडिओत विलक्षण उजळला. स्फोटाची बाहेरची कड प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावल्याशिवाय हे शक्य नव्हते. योगायोगाची भाषा मागे पडू लागली, आणि २९ मार्च २००३ च्या स्फोटाने उरलीसुरली शंका मिटली. निदान काही गॅमा स्फोट तरी वजनदार ताऱ्यांचे मरण असते, हे नक्की झाले.

या उजळण्यात वाऱ्याचा हात असतो. मरण्यापूर्वी ताऱ्याने सोडलेला वारा भोवती पसरलेला असतो. स्फोटाची लाट त्यावर आदळते आणि रेडिओ लहरी निघतात.

मी कारकून माणूस, मला ही गोष्ट फायलीसारखी वाटते. फाईल उघडली की वरचा कागद सर्वांत नवा, आणि खाली खाली जावे तसे जुने. लाटेचेही तसेच. ताऱ्याजवळ तिला शेवटचा वारा भेटतो, दूर जावे तसा जुना. वाऱ्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटर आणि लाटेचा तीस हजार धरला, तर एका वर्षात तीस वर्षांची फाईल वाचून होते. चिकाटीने दहा वर्षे पाहिले तर तीनशे वर्षांची!

असे वाचन आपल्याकडेही झाले आहे. नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी. १९९३ साली फुटलेल्या एका ताऱ्याभोवतालचे चुंबकीय क्षेत्र पूनम चंद्रा, आलोक रे आणि संजय भटनागर यांनी २००४ साली मोजले, ते या दुर्बिणीची आणि अमेरिकेतल्या व्हीएलएची निरीक्षणे जोडून.

२०२४ साली कुलकर्णींना शॉ पारितोषिक मिळाले. बातमी आली आणि गेली. असो.

आपण इतिहास शोधतो तो माणसाने जपून ठेवलेल्या कागदांत. ताऱ्याने काहीच जपलेले नसते. त्याने आयुष्यभर जे गमावले, तेच त्याचे दफ्तर.