कानातला खर्ज

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची तार छेडली असता जो भारदस्त नाद उमटतो त्याला आपल्याकडे खर्ज म्हणतात. गाणे ऐकणाऱ्याला त्याची पृथक् जाणीव असतेच असे नाही. पण तो नाहीसा झाला की मैफल पोरकी वाटू लागते. यंत्राच्या द्वारे दूरचा ध्वनी कानाशी आणण्याचा उद्योग माणसाने आरंभिला, तेव्हा पहिला बळी पडला तो या खर्जाचाच. आज लहानथोर ज्यांना हेडफोन आणि इयरफोन म्हणतात त्या यंत्रांचा इतिहास म्हणजे, बऱ्याच अंशी, हा हरवलेला खर्ज परत मिळविण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळविले. त्यानंतर लवकरच रूढ झालेल्या ऐकण्याच्या यंत्रात एक चुंबक, तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडाची पातळ चकती एवढाच संसार असे. ही चकती चहूकडून आवळलेली, म्हणून ताठ. सेकंदाला सुमारे १००० कंपनांच्या आसपास ती आपखुशीने थरथरे. शंभराच्या घरातील मंद कंपनांना मात्र फारशी दाद देत नसे. बोलणे समजावे एवढाच हेतू असल्यामुळे याची कोणी खंत केली नाही. परंतु १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहातील गायन तारांवरून आणून लोकांना ऐकविले, प्रत्येक श्रोत्याच्या दोन्ही कानांना एकेक यंत्र देऊन; आणि संगीताच्या संबंधात या चकतीची उणीव जाणवण्याजोगी झाली.

तरीही लोक ते गाणे आवडीने ऐकत होते, याचे कारण कानाच्या एका विलक्षण शक्तीत आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणपणे सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा असतो. टेलिफोनवरून सामान्यतः ३०० कंपनांच्या खालचे काही येतच नाही. तरी फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो; कारण मूळ स्वराचे जे उपस्वर पोहोचतात त्यांवरून मेंदू गैरहजर मूळ स्वराचा अंदाज बांधतो. १८४१ साली जर्मनीत आउगुस्ट झेबेक याने भोंग्यावर प्रयोग करून ही गोष्ट प्रथम पुढे आणली. त्यावरून त्याचा ओमशी कडाक्याचा वाद झाला; हा ओम म्हणजे विद्युत्-रोधाच्या नियमाचाच ओम. मात्र या मार्गाने खर्जाची ओळख तेवढी पटते, त्याचे वजन भासत नाही. तबला वाजत आहे हे कळते, पण डग्ग्याची घुमक अंगाला स्पर्श करीत नाही.

१८९१ साली एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने एक चिमुकले जोडयंत्र पेटंट केले. वजन पावणेदोन औंसांहून कमी. त्याची टोके कानाच्या भोकात बसवावयाची आणि त्यांवर रबराचे वेष्टन, म्हणजे कानाला काचणार नाही व बाहेरचा गलबला आत येणार नाही. गलबला बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही बंदिस्ती खर्जाचेही रक्षण करते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही. कल्पना काळाच्या फार पुढे होती आणि ती तशीच पडून राहिली.

पुढचे मोठे पाऊल अमेरिकेच्या यूटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन याने टाकले. या गृहस्थाने १९१० साली आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून श्रवणयंत्रांची जोडी बनविली आणि ती अमेरिकन आरमाराकडे पाठवून दिली. सोबतचे पत्र जांभळ्या शाईत लिहिलेले होते. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी काहीशा अविश्वासानेच ती तपासली; पाहतात तो त्यांच्या वापरातील कोणत्याही यंत्राहून ती सरस. बाल्डविनने लोखंडी चकतीला रजाच दिली होती. चुंबकांच्या मध्यभागी तोलून धरलेली एक लोखंडी पट्टी हलावी आणि तिच्याशी बारीक काडीने जोडलेला अभ्रकाचा हलका पडदा तिने हलवावा, अशी त्याची योजना. क्षीण संदेशही त्यातून स्पष्ट ऐकू येत. आरमाराने अधिक माल मागितला, तेव्हा स्वयंपाकघरात एका वेळी दहांहून अधिक जोड्या होत नाहीत असे त्याने कळविले! पुढे रेडिओच्या लाटेत त्याने अमाप पैसा मिळविला आणि आपल्या धर्मपंथातील मंडळींवर व भलत्या व्यवहारांवर तो घालविला. दिवाळे, खटला, तुरुंग हे सर्व भोगून १९६१ साली तो निवर्तला.

रेडिओच्या बाल्यावस्थेत कानाला यंत्र लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॉट आणि खात्रीचा पल्ला सुमारे तीस मैल. एवढ्या परिसरात स्फटिकाच्या साध्या संचावर गाणे ऐकता येई, पण ते कानाला यंत्र चिकटवूनच. (स्फटिकाच्या साहाय्याने विद्युत्-लहरी टिपण्याचे पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ सालीच मिळाले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) इंग्लंडात घरातील सर्वांना ऐकू यावे म्हणून कित्येक जण हे यंत्र चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवीत. आवाज खोलीभर पसरे खरा, परंतु उरलासुरला खर्जही नाहीसा होई.

तो का नाहीसा होतो, हे समजण्यास सायकलचा पंप पुरेसा आहे. पंपाच्या तोंडावर बोट सैलसर ठेवून दांडा हळू दाबा. हवा बोटाच्या फटीतून सावकाश निसटते, हाताला विरोध लागत नाही. तोच दांडा झटक्याने दाबा; हवेला निसटण्यास वेळ मिळत नाही, दाब तयार होतो. कानात हेच घडते. यंत्राचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये अगदी थोडी हवा कोंडलेली असते. कानाची नळीच मुळी इंचभर लांबीची. ही जागा घट्ट बंद असेल तर पडद्याच्या किंचित हालचालीनेही खर्जाचा भरपूर दाब निर्माण होतो. त्यासाठी मोठ्या कर्ण्याची गरज नाही. पण बारीकशी फट राहू द्या. तीव्र स्वरांची जलद कंपने तशीच पोहोचतील, खर्जाची संथ कंपने मात्र फटीतून पळ काढतील. चष्म्याची दांडी गादीखाली आली तरी तेवढ्याने फरक पडतो. कानातला इयरफोन बोटाने जरासा दाबला की डग्गा एकदम जवळ येतो, हा अनुभव ज्याचा त्याने घेऊन पाहावा.

यात भर अशी की मानवी कान मुळातच खर्जाविषयी मंद आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी श्रोत्यांच्या कानाला यंत्रे लावून याचे मोजमाप केले. १००० कंपनांचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा भासतो, तितका भासण्यास १०० कंपनांच्या स्वराला साठाहून अधिक डेसिबल लागतात. त्याच वर्षी सिव्हियन व व्हाइट यांच्या मापनांतून आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली: कान झाकला असता, मोकळ्या कानापेक्षा मंद स्वर ऐकू येण्यास जास्त दाब लागतो. हे अंतर सुमारे सहा डेसिबलांचे, आणि या ‘हरवलेल्या सहा डेसिबलां’चा ऊहापोह १९८२ पर्यंत शास्त्रीय नियतकालिकांत चालू होता. बंद कानात रक्ताच्या व स्नायूंच्या हालचालीचा जो घुरघुराट साठतो तो मंद स्वरांना झाकतो, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले. मापनाच्या पद्धतीतील चुकाही दाखविण्यात आल्या.

यंत्राच्या बाजूने १९३७ साली बर्लिनच्या ऑयगेन बायर याने ताठ लोखंडाऐवजी हलत्या वेटोळ्याचा पडदा असलेला डीटी ४८ हा हेडफोन बाजारात आणला. तरी घरोघरी संगीतासाठी हेडफोन वापरण्याची चाल पडली ती १९५८ नंतर. मिलवॉकी येथील जाझ वादक जॉन कॉस आणि त्याचा अभियंता मित्र मार्टिन लँग यांनी एक खाजगी फोनोग्राफ तयार केला होता. त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी त्यांनी छोटे लाऊडस्पीकरच कपांत बसवून, कानाभोवती मऊ गाद्या लावून एक हेडफोन जुळविला. प्रदर्शनात गर्दी जमली ती हेडफोनसाठी. फोनोग्राफ विसरला गेला. खरा लाऊडस्पीकर आणि खरी बंदिस्ती एकत्र येताच गमावलेला खर्ज परत आला होता.

त्यानंतरचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला असे म्हणावयास हरकत नाही. १९६८ साली झेनहायझरचा पाठीमागून उघडा, स्पंजाच्या गाद्यांचा हेडफोन आला. १९७९ साली सोनीच्या वॉकमनबरोबर अवघ्या ५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन मिळू लागला. एरवीचे हेडफोन त्या काळी ३००-४०० ग्रॅम भरत. पुढे कानाच्या पाळीत नुसत्या अडकवावयाच्या गोळ्या आल्या. सोय वाढली आणि बंदिस्ती गेली. तेव्हापासून हौशी मंडळींचे घरगुती प्रयोग सुरू आहेत: स्पंजाच्या टोप्या चढविणे, यंत्राच्या अंगावरील बारीक छिद्रे चिकटपट्टीने बुजविणे, ती उलट मोठी करणे. कानाच्या बाजूची गळती थांबली तर खर्ज वाढतो हे खरे. पण मागील बाजूचे छिद्र बुजविले तर आतली हवा ताठ होते व कित्येकदा खर्ज उलट आटतो. छिद्र कोणत्या बाजूचे याची चौकशी न करता पट्टी लावणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती यामुळे.

याहून वाईट सवय म्हणजे गळती तशीच ठेवून आवाज चढविणे. असा चढविलेला आवाज खर्जाबरोबर सर्वच स्वरांना चढवितो, आणि अतिनादाने कानाची जी हानी होते ती बहुधा ४००० कंपनांच्या आसपास प्रथम दिसते. खर्जाचा शौकीन अशा रीतीने व्यंजनांची स्पष्टता गमावून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ साली जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा धरली आहे.

बंदिस्तीचा मार्ग पुन्हा सापडला तो श्रवणचिकित्सेच्या क्षेत्रात. अमेरिकेत मीड किलियन याच्या संस्थेने १९९१ साली कानाच्या नळीत घट्ट बसणारा, रबरी कंगोऱ्यांचा वा फोमच्या बुचाचा इयरफोन संगीतासाठी काढला. १९९५ साली जेरी हार्वी याने व्हॅन हेलन वाद्यवृंदाच्या ढोलकऱ्यासाठी कानाच्या साच्याबरहुकूम यंत्रे घडविली. त्यांत खर्जासाठी एक व तीव्र स्वरांसाठी दुसरे असे दोन चालक होते. किलियनच्या इयरफोनमधील चालक श्रवणसाहाय्यक यंत्रांच्या वंशातला होता. चुंबकांच्या मध्ये तोललेली पट्टी, तिला जोडलेली बारीक काडी आणि काडीच्या टोकाशी हलका पडदा, अशी त्याची रचना. यूटामधील स्वयंपाकघरात १९१० साली जुळविलेलीच, फक्त वाटाण्याएवढी झालेली.