हिल डिस्ट्रिक्टची रुग्णवाहिका

१०८ क्रमांक फिरवला की डॉक्टर असलेली गाडी दारात येते, याचे आज आपल्याला नवल वाटत नाही. गाडीतच उपचार सुरू करण्याची ही रीत ज्यांनी घडवली, त्यांत अमेरिकेतील काही काळे तरुण अग्रभागी होते, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले.

१९६० च्या दशकात पिट्सबर्ग शहरात रोग्याला न्यायला पोलिसांची गाडी येई. उचलायचे, मागे टाकायचे आणि पळवायचे, एवढाच उपचार. हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीत ती रखडत येई, कधी येतच नसे. शिवाय जो पोलीस एरवी संशयाने बघतो त्याच्याच हाती जीव सोपवायचा! पोलिसांची गाडी दिसताच ज्या मोहल्ल्यात दारे लागतात, तिथल्यांना हे फोड करून सांगायला नको.

१९६६ मध्ये माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स सभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेले. ते वाचले नाहीत. त्याच वर्षी तोंडाने श्वास देण्याची पद्धत रुजवणारे डॉ. पीटर साफर यांची लहान मुलगी दम्याने गेली. साफर, फाल्क फंडाचे फिल हॅलन आणि वस्तीतील फ्रीडम हाउस ही संस्था एकत्र आली. १९६७ मध्ये ‘कामाला नालायक’ ठरवलेले तरुण निवडले गेले. कित्येकांची शाळाही अर्धवट सुटलेली. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण मिळाले. १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर वस्ती पेटली, तेव्हाही ते कामावर होते. मरणाच्या दारात असूनही ‘मला हात लावू नका’ म्हणणारे गोरे रोगी त्यांनी पाहिले.

पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन आल्या. त्या गाडीत बसून फिरल्या, रात्री जागल्या आणि या तुकडीसोबतच त्यांनी राष्ट्रीय अभ्यासक्रम घडवला. सेवा नावारूपाला आली आणि महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या पालिकेने स्वतःची सेवा काढली. १९७५ मध्ये फ्रीडम हाउस बंद झाले. ‘ही माणसे एकत्र ठेवा’ ही कॅरोलाइन यांची अट मान्य झाली होती. पण लवकरच त्यांना पांगवले, नव्या परीक्षांना बसवले, कमी अनुभवी गोऱ्यांच्या हाताखाली दिले. बहुतेक बाहेर पडले. आमच्या मते साफर आणि कॅरोलाइन यांची साथ खरी होती. त्यांनी विद्या दिली, नोकरीची सनद मात्र पालिकेच्या मुठीत राहिली.

जॉन मून टिकले आणि सहायक प्रमुख झाले. त्यांनीच सेवेत आणलेल्या अमेरा गिलक्रिस्ट २०२३ मध्ये त्याच शहराच्या रुग्णवाहिका सेवेच्या प्रमुख झाल्या.