बलुते, मानधन आणि वेतन

आपल्या मुली परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून, परिषदेकडे नाव नोंदवून बाहेर पडतात, तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा येतो. कमी पगाराची पहिली नोकरी घ्यावी की नाकारावी? वरवर पाहता हा एका घरापुरता हिशेब वाटतो. पण आमच्या आज्या-पणज्यांनी जे काम शेर-पायलीवर केले, त्याच कामाचे मोल येथे ठरत असते. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या उजेडात तपासला पाहिजे.

आमच्याकडच्या गावगाड्यात सुईण बहुधा मांगवाड्यातली असे. माझी आजी सुईण होती. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताने भिजलेली लुगडी धुवायची, ही तिची कामे. पाटलाच्या घरचे पोर जगात आल्यावर पहिल्यांदा तिच्याच हातात येई. सोयर फिटले की त्याच हाताचा विटाळ होई. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे, एखादा खण, नाहीतर जुने लुगडे. मुलगा झाला तर थोडे जास्त, मुलगी झाली तर कमी. किती द्यायचे हे देणाराच ठरवी. आडवे आलेले मूल ती हाताने फिरवून सरळ करी. पण तिच्या या ज्ञानाला ज्ञान कोणी म्हटले नाही. ते जातीचे काम ठरले, आणि जातीच्या कामाला भाव नसतो.

शहरात इस्पितळे आली तेव्हा हेच काम नव्या रूपात उभे राहिले. मुंबईत 1886 साली कामा रुग्णालय सुरू झाले. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावायचा म्हणून सवर्ण घरांनी या पेशाकडे बराच काळ पाठ फिरवली. युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियांनी तो भार वाहिला. पुढे रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने सवर्ण घरांतल्या स्त्रियांना, विधवांना, ससून रुग्णालयातल्या परिचर्या-शिक्षणाची वाट दाखवली. त्या स्त्रियांचे धाडस मी मानते. परंतु विटाळाचे काम प्रतिष्ठित घरच्या बाईने करायचे तर त्याला एक सोवळे वस्त्र नेसवावे लागले. त्या वस्त्राचे नाव ‘सेवा’. सेवेला मान मिळतो; तिने पगार मागितला की मात्र लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

आम्हाला हा शब्द नवा नव्हता. सेवा हाच शूद्राचा धर्म, असे सांगणारी मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली. सावित्रीबाईंनी 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने 10 मार्चला त्या गेल्या. ती त्यांनी स्वतः निवडलेली सेवा होती. दुसऱ्याच्या मुलीचा पगार कापताना कोणी सावित्रीबाईंचे नाव घेऊ नये.

माणसे कमी असली की मजुरी वाढते, असे म्हणतात. परिचारिकेच्या बाबतीत हे घडले नाही. 1946 च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. एवढा तुटवडा असूनही परिचारिकांचे राहणे, खाणे, पगार सगळेच हलाखीचे होते. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याने शिक्षणाला दर्जा दिला. पगाराला आधार दिला नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, कंत्राटी भरती वाढली आणि ‘मानधन’ हा शब्द रुळला. वेतनात वार्षिक वाढ असते, रजा असते, हक्क असतो. मानधनात देणाऱ्याची मर्जी असते. मला त्यात आजीची पायली दिसते.

मी 1984 साली परीक्षा उत्तीर्ण होऊन नाव नोंदवले. दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका खाजगी प्रसूतिगृहात महिना 600 रुपये मिळणार होते. पण नेमणुकीचे पत्र नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या, मोठ्या धर्मादाय रुग्णालयात 425 रुपयेच होते. पण हातात पत्र, आठ तासांची पाळी, शस्त्रक्रियागृहात शिकण्याची सोय आणि वर्षाअखेर अनुभवाचा दाखला. वडील 600 कडे झुकले. आई म्हणाली, “कागद कुणाच्या कपाटात ठेवू नगंस. तुझ्या आजीचं समदं दुसऱ्याच्याच हातात व्हतं.” मी 425 घेतले.

ते माझ्या कामी आले. दीड वर्षाने सरकारी रुग्णालयाच्या मुलाखतीत तोच दाखला मी टेबलावर ठेवला. पण दरमहा पडलेला 175 रुपयांचा खड्डा कोणी भरला? आईने. ती तेवढे दिवस रोजाने खुरपायला, कापूस वेचायला जात राहिली. धाकट्या भावाच्या वह्या त्यातून आल्या. ज्या घरात दोन पगार येतात तिथली मुलगी ‘अनुभवासाठी’ वर्षभर थोडक्यात भागवू शकते. आपल्या घरात त्या अनुभवाची किंमत आईची कंबर मोजते.

आज मुलींच्या हाती एक माप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारस केली : 200 हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, 100 हून अधिक असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये. या शिफारशी आहेत, त्या आपोआप पदरात पडत नाहीत. पण पगार किती कमी आहे हे त्यांच्या आधारे मोजता येते.

म्हणून माझे म्हणणे असे : कमी पगार शिक्षणासाठी घ्यावा, सेवेच्या नावाखाली घेऊ नये. काय शिकायला मिळणार, किती काळ, कोणत्या पाळीत, पुढे वाढ किती, हे लेखी घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. आणि उरलेला खड्डा घरातले कोण भरणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

शेवटचा प्रश्न एकट्या मुलीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. वस्तीवस्तीत आपली मंडळे आहेत, जयंतीला वर्गणी जमते. त्यातला वाटा नव्या परिचारिकांच्या पहिल्या वर्षासाठी काढून ठेवावा, आणि नेमणुकीचे पत्र नीट वाचून देणारे एक माणूस प्रत्येक मंडळात असावे. मग मुलगी कमी पगार घेईल तो तिच्या निवडीने, आईच्या रोजावर नव्हे.